बाबूची पाऊसवही : कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

आज संक्रांत, पण बाबूला जाऊन अजून चार महिनेही झाले नाहीत त्यामुळे घरात सण नाही. दुपारनंतर दुकान बंद केलं आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. सात वह्या निघाल्या. २०१९ ते २०२४, म्हणजे सहा वर्षांच्या सात, २०२३ च्या दोन आहेत. ब्राऊन पेपरचं कव्हर, वर स्केचपेनने "पाऊस" आणि साल. नाव कुठेच नाही.

बाबू म्हणजे माझा पुतण्या, दादाचा मुलगा. घरातलं नाव बाबू, शाळेतलं इथे लिहीत नाही. एप्रिल २०२३ मध्ये रक्ताचा कॅन्सर निघाला, मुंबईला टाटाला ट्रीटमेंट, मध्ये बरा होऊन घरी आलेला, जून २०२४ ला परत उलटला आणि २६ सप्टेंबरला गेला. सोळा पूर्ण झाले होते. हे एकदा लिहून ठेवतो म्हणजे पुढे सारखं लिहायला नको.

काम दोन आहेत. एक, सगळ्या वह्या एक्सेलमध्ये टाईप करायच्या, आकडा न आकडा, शेरे पण. दोन, त्याने डोक्यात धरलेला नवीन पर्जन्यमापक बनवून वरच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) हायस्कूलच्या आवारात बसवायचा. मुदत मृगापर्यंत, म्हणजे ८ जून. माझं तळी गावाला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, टायपिंग मला जमतं. नोंदी ठेवतोय कारण तो म्हणायचा काम करताना लिहून नाही ठेवलंस तर नंतर जे आठवतं ते आपल्या सोयीचं आठवतं.

१९ जानेवारी, रविवार

२०१९ ची वही झाली. बाबू तेव्हा सहावीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा मापक केलेला, वरचा भाग कापून उलटा बसवायचा म्हणजे नरसाळं होतं, तळाला खड्डे-उंचवटे असतात म्हणून त्यात बारीक खडी आणि शून्याच्या रेषेपर्यंत पाणी, बाहेरून स्केल चिकटवलेली. प्रदर्शनात नंबर आला नाही. बाकीच्या पोरांनी आपापले प्रकल्प फेकून दिले आणि ह्याने बाटली मागच्या खळ्यात विटांमध्ये बसवली आणि रोज सकाळी साडेआठला मोजायला लागला. साडेआठच का तर हवामान खात्याची सगळीकडची मोजणी साडेआठलाच होते, म्हणजे आदल्या दिवशीच्या साडेआठपासूनचा चोवीस तासांचा पाऊस आजच्या तारखेला लागतो. हे त्याला दहाव्या वर्षी कळलेलं, मला चाळिशीत त्याच्याकडून कळलं.

पहिल्या पानावर नियम लिहिलाय, तसाच उतरवतो : "मोजला आणि नव्हता तर ०. मोजलाच नाही तर – . दोन्ही एक नाही."

एक्सेलला ही रेघ आवडत नाही. बेरीज घेताना सोडून देतो ते ठीक आहे पण ग्राफमध्ये ती शून्य म्हणून खाली आपटते. त्यावर काहीतरी करायला लागेल.

२ फेब्रुवारी, रविवार

२०२० आणि २०२१ झाल्या. ह्या दोन वर्षांत आमच्या किनाऱ्याने काय काय बघितलं ते सगळं ह्या पोराच्या अक्षरात आहे.

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. ते श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं, आमच्यापासून वर, दापोली मंडणगडची जास्त वाट लागली, पण आमच्याकडे पण दोन माड आणि गोठ्याचे पत्रे गेले. ४ तारखेला वहीत : "– बाटली उडाली. आज्जीच्या चुलीमागे सापडली. नवीन करतोय." ५ तारखेपासून परत आकडे चालू. गोठ्यावर पत्रा नव्हता आणि ह्याचा मापक तयार होता.

१६ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. त्या दिवशी त्याच्याकडे काहीच नाही कारण बाटली जूनमध्ये बाहेर काढायची पद्धत होती. पुढच्या पानावर लाल पेनने, "मे मध्ये पण पडतो. ह्यापुढे १ मे ला बाटली बाहेर." आणि २०२२ ची वही खरंच १ मे पासून सुरू आहे, महिनाभर बहुतेक शून्यच शून्य लिहीत गेलाय.

आणि २२ जुलै २०२१. चिपळूण बुडालं तो दिवस. आमच्याकडून चिपळूण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्याकडे लाईट नाही फोन नाही, आणि हा छत्री घेऊन खळ्यात. बाटलीची सरळ बाजू संपून पाणी वरून वाहत होतं. त्याने आकडा लिहिला नाही, लिहिलंन "बाटली भरून वाहिली. किती ते माहीत नाही. मोठा पाहिजे." वर्तमानपत्रातला आकडा उचलून लिहायला त्याला काय हरकत होती, शेजारच्या कुठल्यातरी केंद्राचा आला असेल की. पण नाही लिहिला.

त्या "मोठा पाहिजे" पासूनच खरं तर आपलं दुसरं काम सुरू होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

२०२२ दोन दिवसांत संपली. पण २०२३ ची मुंबईची वही उघडली आणि आज तिच्यातच दिवस गेला, टाईप पाच पानंच झाली.

मागचं थोडं लिहायला हवं. मार्च २०२३ च्या शिमग्यात बाबूच्या पायावर निळे डाग दिसायला लागले, आम्हाला वाटलं पालखी नाचवताना लागलं असेल. मग बारीक ताप, पाय दुखतात म्हणायचा. एका डॉक्टरांकडे तीन आठवडे गेले, वाढीचं वय आहे म्हणून टॉनिक आणि तापाच्या गोळ्या. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा दुसऱ्यांनी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी केली आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला पाठवलं. कोणाच्या घरात पोराला असे न लागता डाग उठत असतील, ताप जात नसेल, तर कोणी काही म्हणो आधी सीबीसी करून घ्या, दोन-तीनशे रुपयांची तपासणी आहे. आणि घाबरूनही जाऊ नका, मुलांमधला हा कॅन्सर बहुतेक पोरांचा बरा होतो, ते खोटं नाही, आमच्याच वॉर्डातली कितीतरी पोरं आज शाळेत जातायत. आमचा नाही राहिला.

तर ही वही त्याने जाताना पिशवीत टाकलेली. रकाने तेच, तारीख, पाऊस, शेरा. पाऊस ह्या रकान्यात जूनपासून खाली सरळ रेघा. शेऱ्यात कुठेकुठे, "खिडकीतून दिसतोय. ग्रिलमधून बाटली बाहेर ठेवता येत नाही." आणि शेऱ्याच्या पुढे पेन्सिलने चौथा रकाना आखलाय, त्याला नाव नाही, त्यात रक्ताचे रोजचे काउंट. प्लेटलेट, डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी), हिमोग्लोबिन. जिथे प्लेटलेट दहा हजाराच्या खाली गेलेत (चांगल्या माणसाचे दीड लाखाच्या वर असतात) तिथे लाल चौकोन काढून आत लिहिलंय "रेड अलर्ट". त्याच्या खाली दुसऱ्या दिवशी "दोन पिशव्या. वाडीतले दोघे आले होते."

ते दोघे म्हणजे आमच्या वाडीचे मुंबईकर, दिवा आणि नालासोपाऱ्याला राहणारे. प्लेटलेटची पिशवी पाच दिवसच टिकते, साठवून ठेवता येत नाही, रोज कोणीतरी ताजा माणूस लागतो आणि मशीनवर तास-दीड तास पडून राहायला लागतं. मुंबई मंडळाने व्हॉट्सॲपवर पाळीच लावलेली, गणपतीच्या आरतीची लावतात तशी. आठवलं की अजून भरून येतं.

हा चौथा रकाना कुठे टाकायचा? पावसाच्या शीटमध्ये तो बसत नाही. आज ठरवलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज २०२३ ची घरची वही. ही माझी आहे. म्हणजे वही बाबूचीच, पण अक्षर माझं.

जाताना स्टेशनवर त्याने ती माझ्या हातात दिलेली. ताप होता, मास्क लावलेला, आणि मला सांगत होता काका बाटलीतली खडी हलवू नको, पाणी शून्यावर आणून ठेव, साडेआठला बघ. मी हो हो म्हटलं. मे-जूनमध्ये बघितलंही. जुलैमध्ये दादाबरोबर मुंबईच्या फेऱ्या, दुकान, ॲडमिशनचे फॉर्म, सकाळी विसरून जायचो. आणि दोन-तीन दिवसांनी वही समोर आली की रिकाम्या जागा बघून लाज वाटायची म्हणून शून्य लिहून टाकायचो. रेघ मारली तर मी मोजलं नाही हे दिसलं असतं. शून्य लिहिलं की वाटलं मोजलंय.

नोव्हेंबरात दिवाळीला दहा दिवस सुट्टी देऊन घरी पाठवलेलं त्याला. डोक्यावर केस नाहीत, गाल सुजलेले त्या स्टिरॉइडने, आल्या आल्या वही मागितली. पडवीत बसून पान पान बघितलंन. मग मला हाक मारली.

"काका, २० जुलैला शून्य?"

१९ जुलैची रात्र म्हणजे रायगडात इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्र. कोकणभर धो धो. इकडे जगबुडी-वाशिष्ठी फुगलेल्या. तो तिकडे वॉर्डातल्या टीव्हीवर बघत होता आणि मी २० तारखेच्या रकान्यात शून्य लिहिलेलं.

मी काहीतरी बोललो, बाटली पडली असेल वगैरे. त्याने माझ्याकडे बघितलं फक्त. रागावला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "रेघ मारायची काका. रेघ मारली की कळतं तरी कोणी बघितलं नाही. शून्य म्हटलं की लोक मानतात पाऊस नव्हता." आणि पेन माझ्याकडेच दिलंन, दुरुस्त तू कर म्हणून. मी ती एक तारीख दुरुस्त केली. बाकीच्या नंतर करतो म्हटलं.

त्या नंतर कधीच केल्या नाहीत. आज करायला बसलोय.

२ मार्च, रविवार

कामाची पद्धत अशी ठरवली : जून ते सप्टेंबर २०२३ मधली माझी सगळी शून्यं एका यादीत. ५३ निघाली. प्रत्येकासमोर त्या दिवशी मी कुठे होतो त्याचा पुरावा शोधायचा, तिकिटाचे मेसेज, दुकानाची पावतीबुकं, यूपीआयचे व्यवहार. मुंबईत किंवा गाडीत असलो तर ते शून्य खोटं, रेघ. घरी होतो आणि आज्जीलाही कोरडा दिवस आठवतोय असं झालं तरी ते आता धरता येत नाही, पण निदान शंका म्हणून वेगळा रंग.

१४ मार्च, शुक्रवार

शिमगा. पालखी वाडीत आली, आमच्या दारात यंदा नाचवली नाही, थांबली फक्त. वहिनी बाहेर आली नाही. काम काही नाही.

२३ मार्च, रविवार

५३ पैकी ३१ नक्की खोटी. १५ शंकेची. ७ खरी वाटतात.

३१ रेघा मारल्या, वहीत लाल पेनने आणि एक्सेलमध्ये. प्रत्येक ठिकाणी शेऱ्यात "काकाने मोजलं नाही" असं लिहिलं. दादा शेजारी बसलेला, म्हणाला कशाला रे हे, कोण बघणारे. मग म्हणाला रत्नागिरी, हर्णैला हवामान खात्याची केंद्रं आहेत, दापोलीला विद्यापीठात पण मोजतात, तिथले आकडे काढून ह्या जागा भरून टाक, निदान त्याचं एक वर्ष तरी पुरं दिसेल. मलाही क्षणभर पटलं. पण हर्णैचा पाऊस हर्णैचा. ह्या किनाऱ्यावर एका खाडीच्या अलीकडे कोसळतो आणि पलीकडे ऊन असतं हे आपण रोज बघतो. बाबूने चिपळूणच्या पुराचा आकडा दुसऱ्याचा घेतला नाही तर मी माझ्या आळसाच्या दिवसांना दुसऱ्याचा आकडा कसा लावू. नाही भरणार.

चौथ्या रकान्याचं पण ठरवलं. वेगळी शीट, तारखा त्याच, नाव नाही कारण त्याने दिलेलं नाही. ती शाळेला द्यायच्या फाईलमध्ये नसेल, घरच्या फाईलमध्ये असेल.

६ एप्रिल, रविवार

जागा बघायला सड्यावर गेलो. हेडसरांची परवानगी आहे, तोंडी, कागद देतो म्हणालेत.

जागा का बदलायची ते लिहितो, कारण वाडीत दोघा-तिघांनी विचारलं की त्याच्याच खळ्यात का नाही ठेवत आठवण म्हणून. मापकाच्या आसपास जे काही उंच असेल ते त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब पाहिजे, असा नियम आहे. आमच्या खळ्याभोवती माड, पन्नास-साठ फुटी. म्हणजे शंभर-सव्वाशे फूट मोकळं पाहिजे, एवढं आमचं खळं पण नाही. बाबूला हे माहीत होतं, २०२१ च्या वहीत शेवटच्या पानावर आहे, "वारा दक्षिणेकडून असला की माडांमुळे कमी येतो. पोफळीखाली मोजला तर तो पोफळीचा पाऊस." सड्यावर सगळा कातळ, झाड नाही, फक्त वारा. वाऱ्यासाठी मापक बुटका ठेवायचा, तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटर, सरकारी मापकाचं तेवढंच असतं, त्याहून खाली घेतलं तर कातळावर आपटून उडालेलं पाणी आत येतं.

अडचणी : कातळ फोडायला माणूस, आणि गुरं. तारेचं कुंपण लागेल.

आणखी एक. दादाला ग्रॅनाईटची पाटी हवीय, कै. लिहून, फोटोसकट. मी काही बोललो नाही. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "भावोजी, पोरं तिथे हार घालतील आणि मापाला हात लावायला घाबरतील." दादा गप्प झाला. पाटीचं तूर्त नाही.

२० एप्रिल, रविवार

नरसाळं. मुंबईच्या वहीच्या मागच्या पानावर ह्याचं पूर्ण गणित आहे, ते वॉर्डात बसून केलेलं. सरकारी मापकाचं तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं असतं. म्हणजे १ मिलिमीटर पाऊस पडला की २० मिलिलिटर पाणी. आणि त्याच्या उशाशी दिवसभर २० मिलिलिटरच्या सिरिंज. त्याने गोल तोंडाचा व्यास काढला, १६ सेंटीमीटर घेतला तर २०१ चौरस येतात. खाली लिहिलंय : "१ सिरिंज = १ मिमी. अर्धा टक्का चुकेल. चालेल." त्याखाली, "जास्त असेल तर आज्जीचं दुधाचं माप. १ लिटर = ५० मिमी." आणि खाली कॅन दहा लिटरचा, म्हणजे ५०० मिलिमीटरपर्यंत भरून वाहणार नाही.

ज्या हातात सुई होती त्याच हाताने हे केलंय, अक्षर डावीकडे कलंडलेलं.

तळीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टीलचं नरसाळं आणलं. घरी मोजलं तर आतून १५.८. परत केलं. तो म्हणाला दोन सूत इकडेतिकडे काय फरक पडतो. तोंडाचं क्षेत्र अडीच टक्क्यांनी कमी होतं, आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पडतो धरलं तर पाऊणशे मिलिमीटर गायब. हे सांगितल्यावर त्याने कामाचं काय आहे विचारलं, मी सांगितलं, मग पैसे घेईना. दिले.

४ मे, रविवार

आंब्यात सगळे अडकलेत, दादा दिवसभर पेट्या भरतोय, कातळ फोडणारा मिळत नाही. नवीन नरसाळं आलं, १६ बरोबर.

१८ मे, रविवार

२०२४ ची वही. हीच राहिली होती, मुद्दाम मागे ठेवली होती.

मे आणि जूनचे पहिले काही दिवस त्याचं अक्षर, चांगलं ठसठशीत. तेव्हा गोळ्यांवर होता, दहावी राहिलेली ती पुढच्या वर्षी देणार होता. मग परत मुंबई, रेघा. ह्या वेळी मी घरी एकही दिवस चुकवला नाही, ते आकडे वेगळ्या कागदावर आहेत आणि तो आल्यावर त्याने स्वतःच्या हाताने वहीत घेतले, "काका" असं शेऱ्यात लिहून. गणपतीच्या चार दिवस आधी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. म्हणजे काय ते त्याला आम्ही सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही, पण त्याला कळलेलं होतं असं मला आता वाटतं.

खाट पडवीत खिडकीपाशी लावलेली. मी बाटली मोजून आकडा सांगायचो, तो विचारायचा, "डोळा पाण्याच्या लेव्हलला नेलास?" नेला म्हटलं की लिहायचा. १९ सप्टेंबरचा आकडा त्याच्या हातचा शेवटचा. २० ला पेन धरवेना, "लिही" म्हणाला. २० ते २५ माझं अक्षर, त्याच्यासमोर लिहिलेलं.

२६ ला पहाटे गेला.

त्या दिवशी पाऊस होता. सगळ्या वाडीला आठवतोय, ताडपत्री धरून उभे होतो आम्ही, लाकडं पेटत नव्हती. आज टाईप करताना आज्जी मागे येऊन बसली आणि म्हणाली, "त्या दिशीचा लिव हो, एवढा पडला होतान." खूप पडला होता. पण साडेआठला कोणी बाटलीकडे गेलं नाही.

२६ सप्टेंबर २०२४ : –

फाईल सेव्ह केली.

२१ मे, बुधवार

पाऊस सुरू झाला. वळीव नाही, लागलेला पाऊस, काल रात्रीपासून. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय म्हणतात. मापक बसलेला नाही. कातळ फोडलेला नाही. मी मृग धरून बसलो होतो.

१ मे ला बाहेर. त्याने लाल पेनने लिहून ठेवलेलं आणि मी फेब्रुवारीत स्वतः टाईप केलंय.

२०२५ ची शीट उघडली आणि १ ते २१ मे रेघा मारल्या. जुनी बाटली शोधली तर उन्हाने तडकलीय. आज्जीने सरळ उभ्या भिंतीचा स्टीलचा डबा दिला, लाडवांचा. भिंती सरळ असल्या की झालं, जितके मिलिमीटर पाणी उभं राहील तितका पाऊस, नरसाळं पण लागत नाही. खळ्यात जुन्या विटांमध्ये ठेवला.

२२ मे, गुरुवार

साडेआठला पट्टी बुडवून मोजला. ६२. डोळा लेव्हलला नेला.

२४ मे, शनिवार

सकाळी रेडिओवर सांगितलं डिप्रेशन (तोच कमी दाब, आणखी जोर धरलेला) रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर येतंय. म्हणजे आमच्याच डोक्यावर. दुपारपर्यंत आलं आणि गेलं, वारा होता, निसर्गसारखं काही नाही. आंब्याचं मात्र दादाचं नुकसान झालं, उरलेला सगळा खाली. केरळात आज मान्सून लागला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. डबा सकाळी १३१.

त्याने भिंतीला चिकटवलेला तक्ता अजून आहे, ६४.५ च्या वर जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. वहिनी त्या तक्त्यासमोर उभी होती. मला म्हणाली, "म्हणजे हा दुसऱ्यात."

आठ महिन्यांत पावसाबद्दल ती पहिल्यांदा बोलली.

२६ मे, सोमवार

मान्सून मुंबईत पोचला पण. मे महिन्यात. तिकडून सगळ्यांचे व्हिडिओ येतायत पाण्याचे.

संध्याकाळी वहिनीने हॉस्पिटलची पिशवी उघडली. ती निळी पिशवी, फाईल्स, एक्सरे, डबा, टॉवेल, सप्टेंबरपासून कपाटाच्या खाली तशीच होती आणि कोणी हात लावत नव्हतं. तिने त्यातून एक २० मिलिलिटरची सिरिंज काढली, न वापरलेली, पाकिटात. पाकिटावर बाबूने बॉलपेनने लिहिलंय "१ मिमी". त्याने एका सिस्टरकडून मागून घेतली होती म्हणाली, गावच्या मापकासाठी म्हणून, सिस्टर हसली होती.

मला काय बोलावं कळेना. ती म्हणाली, "ही शाळेत देऊ नका भावोजी, पोरं मोडतील. त्यांना दुसऱ्या घ्या. ही पहिल्या दिवशी मी नेईन."

८ जून, रविवार

मृग. कातळ गेल्या आठवड्यात उघडीप मिळाली तेव्हा फोडून घेतला, कट्टा झाला, कॅन आत बसला, नरसाळ्याचं तोंड स्पिरिट लेव्हलने बघितलं, जमिनीपासून ३० सेंटीमीटर बरोबर. कुंपण दोन बाजूंचं झालंय, दोन राहिलेत. पाटी नाही. दादाने स्वतःहून कुंपणाच्या फाटकाला एक पत्रा लावला, त्यावर ऑईलपेंटने तेवढंच लिहिलंय जे पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. मोजला आणि नव्हता तर शून्य, मोजलाच नाही तर रेघ.

खळ्यातला डबा पण चालू ठेवणार, पूर्ण हंगाम. दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी आले की माड किती पाऊस अडवतात ते कळेल आणि मग बाबूचे सहा वर्षांचे आकडे कसे वाचायचे ते पण कळेल. त्याचे आकडे बदलणार नाही. शेजारी एक रकाना येईल.

१७ जून, मंगळवार

काल शाळा सुरू झाली, आज पहिली मोजणी. वहिनी आली होती सड्यावर. आठवीच्या सहा पोरांना हेडसरांनी निवडलंय, पाळी लावलीय. कॅनमधलं पाणी आधी दुधाच्या मापाने, मग उरलेलं सिरिंजने. वहिनीने सिरिंज भरली, पोरं मोठ्याने मोजत होती. हात कापत होता तिचा. एका मुलीने विचारलं, "काकू, अर्धी सिरिंज आली तर काय लिहायचं?"

"पॉईंट पाच," वहिनी म्हणाली.

रजिस्टर नवीन आहे, ब्राऊन पेपरचं कव्हर तिनेच घातलंय.

२३ जून, सोमवार

कालचा रविवार. शाळा बंद, पोरं येणार नाहीत हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं. मी सकाळी लवकर चिपळूणला गेलो होतो, येताना गाडीत आठवलं, म्हटलं गेला, पहिल्याच आठवड्यात रेघ. आज रजिस्टर बघितलं तर २२ जूनला आकडा आहे. ३८.५. अक्षर वहिनीचं. शेऱ्यात, "सिरिंज दोनदा मोजली."

घरी विचारलं नाही मी, तिनेही सांगितलं नाही. रेनकोट पडवीत वाळत होता.

राहिलेलं : कुंपणाच्या दोन बाजू. नरसाळ्यात वाऱ्याने गवताच्या काड्या अडकतायत, बारीक जाळी बसवायची. रविवारच्या पाळीत वहिनीचं नाव टाकायचं, तिला विचारून.